थिरकवा : आधी सफाई, मग वेग

उस्ताद अहमदजान थिरकवा हे नाव ऐकलं की पहिला प्रश्न हमखास येतो : हे थिरकवा काय प्रकरण आहे? तर थिरकवा हे आडनाव नाही, गावाचं नाव नाही आणि घराण्याचंही नाव नाही. शिकत असतानाच्या वयात तबल्यावर फिरणारी त्यांची बोटं पाहून त्यांच्या गुरूंचे वडील काले खाँ यांनी ते कौतुकाने ठेवलं. बोटं नुसती पडत नाहीत, थिरकतात, नाचतात, म्हणून थिरकवा. ते नाव असं चिकटलं की अहमदजान मागे पडलं आणि पुढे जगाला थिरकवाच ठाऊक झाले.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये तबलावादकाचं चरित्र कशाला? कारण सांगतो. मी गेली तीन वर्षं गिटार वाजवतो आहे आणि हॉस्टेलमधल्या गिटारचा जीवनक्रम जवळून पाहतो आहे. फर्स्ट इयरला बर्डीवरून मोठ्या हौसेने गिटार येते. पहिला महिना रूमवर गर्दी असते. दुसऱ्या सेमिस्टरला चार कॉर्ड्स येतात, दोन-तीन गाणी येतात, गॅदरिंगला टाळ्या मिळतात. मग सोलो वाजवायची हुक्की येते. तिथे गाडी अडते. उजवा हात पळत नाही, पळाला तर भलत्याच तारेवर पडतो. थर्ड इयरपर्यंत ती गिटार कपाटावर, सुटकेसच्या शेजारी, धूळ खात पडते. कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर असतं : स्पीड येत नाही यार.

या एका कारणापायी किती मुलांनी वाद्य सोडलं असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. म्हणून ज्या माणसाचं नावच मुळी बोटांच्या नाचावरून पडलं, त्याला वेग कसा मिळाला, हे बघावंसं वाटलं. वाद्य वेगळं आहे हे खरं. पण बोटं, मनगट, कान आणि वेळ या चार गोष्टी दोन्हीकडे सारख्याच.

अहमदजान यांचा जन्म उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा, 1892 च्या सुमारासचा. घरात संगीत पूर्वापार. वडील हुसेन बक्ष सारंगीवादक. तबल्याचे पहिले धडे घरातल्याच थोरल्यांकडून मिळाले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास ते मुंबईला उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे आले आणि त्यांचे शागीर्द झाले. हे मुनीर खाँ म्हणजे तबल्याचं चालतंबोलतं ग्रंथालय. वेगवेगळ्या घराण्यांच्या अनेक उस्तादांकडून त्यांनी विद्या गोळा केली होती. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद अशा निरनिराळ्या बाजांचा माल त्यांच्याकडे होता आणि तो त्यांनी शिष्यांना दिला. त्यांचे भाचे अमीर हुसेन खाँ हेही पुढे मुंबईतले मोठे उस्ताद झाले. थोडक्यात, मुरादाबादच्या या मुलाचा हात घडला तो आपल्या मुंबईत.

घडला कसा? याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर रियाज. रोज चौदा-सोळा तास ते वाजवत असत असं सांगितलं जातं. हा आकडा ऐकून आपण दोन प्रकारे वागतो. एक तर हात जोडतो आणि म्हणतो की हे आपलं काम नाही. किंवा पेटून उठून एक रविवार सलग सहा तास वाजवतो आणि पुढचे पंधरा दिवस मनगटाला बाम लावत बसतो. दोन्ही वेळा मुद्दा हुकतो. त्या तासांमध्ये वाजत काय होतं, हे बघितलं पाहिजे.

तबल्याच्या शिक्षणात कायदा नावाची एक चीज असते. कायदा म्हणजे ठरावीक बोलांची एक लहानशी रचना. आपल्या गावात राहायचं तर गावचे नियम पाळायचे, तसं कायद्याच्या विस्तारात मूळ रचनेतलेच बोल वापरायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही. त्याच बोलांची जागा बदलून, पुढेमागे करून जे प्रकार होतात त्यांना पलटे म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर परम्युटेशन-कॉम्बिनेशन. कायदा आधी संथ लयीत वाजतो, मग त्याची दुगुन होते, पुढे वेग वाढतो. पण नियम असा की संथ लयीत बोल जसा स्वच्छ उमटला तसाच दुगुनीत उमटला पाहिजे. धा हा धाच ऐकू आला पाहिजे, तो गडबडीत ता होऊन चालत नाही.

तबल्याच्या पुडीवर काठाची चाट, मधली लव आणि काळी शाई असे तीन भाग असतात. चाटेवरचा आवाज वेगळा, लवेवरचा वेगळा, शाईवरचा वेगळा. बोट अर्धा सेंटीमीटर सरकलं की बोल बदलतो. त्यातून तिट हा अगदी साधा बोल घ्या. दिल्लीच्या पद्धतीत त्यातला एक आघात मधल्या बोटाचा आणि दुसरा तर्जनीचा, दोन्ही शाईवर. एकानंतर एक, आळीपाळीने, सारख्या वजनाचे. गिटारवाल्यांनी इथे कान टवकारावेत. हे आपल्या डाउन-अप स्ट्रोकचंच भावंड आहे. पिक खाली जाताना आवाज जोरकस येतो आणि वर येताना मरतुकडा येतो, ही प्रत्येक नवशिक्याची रड असते. तबल्याच्या विद्यार्थ्याचं दुसरं बोटही असंच दुबळं असतं. ते पहिल्याच्या तोडीचं होईपर्यंत पुढे जायचं नाही, ही तिथली शिस्त.

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक मामा होते, आता रिटायर झाले. संध्याकाळी ते भजनी मंडळात तबला वाजवायचे. थिरकवांचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकलं. त्यांनी मला रियाज समजावून दिला तो कानशीच्या भाषेत. फिटिंग शॉपमध्ये जॉब घासताना पोरं कानस कशी भराभर मागेपुढे करतात, ते आठवा. घाम येतो, खरखर आवाज येतो, पण गुण्या लावून बघितलं तर जॉबचा मधला भाग फुगलेला आणि कडा पडलेल्या. जुना कारागीर मात्र कानस पूर्ण लांबीची, एका पातळीत, सावकाश ढकलतो आणि दर थोड्या वेळाने गुण्या लावतो. त्याचं काम आपल्याआधी संपतं. मामांचं म्हणणं असं होतं की रियाजात कान हा गुण्या आहे. तो न लावता कितीही तास घासलं तरी जॉब वाकडाच होणार.

आता थोडं गणित करू, म्हणजे आपल्या मंडळींना पटेल. मेट्रोनोम 120 वर ठेवला आणि एका ठोक्यात चार स्वर वाजवले तर सेकंदाला 8 आघात होतात. दोन आघातांमधलं अंतर 125 मिलिसेकंद. यात पिक 20 मिलिसेकंदांनी उशिरा पडलं तर चूक 16 टक्के. ऐकणाऱ्याला लंगडणं लगेच कळतं. तेच मेट्रोनोम 60 वर ठेवून एका ठोक्याला एकच स्वर वाजवला तर अंतर 1000 मिलिसेकंद. तिथे 20 मिलिसेकंदांची चूक फक्त 2 टक्के, कानाला जवळजवळ कळत नाही. म्हणजे संथ लयीत आपल्याला वाटतं की सगळं बरोबर चाललंय, आणि वेग वाढवल्यावर वाटतं की आता बिघडलं. प्रत्यक्षात ती ढिलाई पहिल्यापासूनच तिथे असते. म्हणून संथ वाजवणं म्हणजे सोपं वाजवणं असं समजू नये. संथ लयीत वेळ भरपूर असतो तो एवढ्यासाठी, की हात किती उंच उचलला जातोय, खांदा ताठ आहे का, आवाज सारखा येतोय का, हे सगळं तपासता यावं.

थिरकवांच्या वादनाबद्दल जाणकार जे सांगतात ते इथे महत्त्वाचं आहे. तबल्याच्या जगात त्यांच्याइतकं किंवा त्यांच्याहून जास्त वेगात वाजवणारे झाले. पण थिरकवांची कीर्ती आहे ती बोलांच्या सफाईसाठी आणि नादाच्या गोडव्यासाठी. पेशकार असो, कायदा असो की रेला, प्रत्येक अक्षर मोकळं ऐकू येतं. त्यांची ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर सहज मिळतात. ऐकून बघा. वेग आहे, पण धावपळ नाही. एखादा मुरलेला ड्रायव्हर वर्धा रोडवर गाडी काढतो आणि आत बसलेल्याला वेग जाणवतच नाही, तसं वाटतं.

या सफाईची खरी परीक्षा झाली ती नाटक कंपनीत. महाराष्ट्राचं आणि थिरकवांचं नातं इथे पक्कं होतं. बालगंधर्वांनी 1913 मध्ये सुरू झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत साथीला उत्तमोत्तम कलावंत आणले. सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा. 1920 च्या दशकात या साथीची महाराष्ट्रभर ख्याती होती. एकट्याने दोन तास मैफल गाजवू शकणारा उस्ताद एका नाटक कंपनीत पदांना ठेका धरत बसला, ही गोष्ट आजही काहींना चमत्कारिक वाटते. पण तिथे काय लागत होतं ते पाहा. रात्ररात्र नाटक चालायचं. एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर. बालगंधर्व दरवेळी पद निराळ्या जागा घेत गाणार, आणि तबल्याने मात्र लय तसूभर न हलवता, शब्द न झाकता, गाण्याच्या खालून चालत राहायचं. अंगात वेग आहे, बोटं नाचायला तयार आहेत, आणि तरी गरज नसेल तर ती नाचवायची नाहीत. ठेक्याचे तेच सोळा मात्रांचे बोल, शेकडो वेळा, प्रत्येक वेळी तितकेच गोल. मला विचाराल तर चौदा तासांच्या रियाजापेक्षा हे अवघड आहे. आपल्या बँडमध्ये गाणारा गात असताना मध्येच सोलो झाडणारे गिटारिस्ट आपण पाहिले आहेत, त्यामुळे जास्त सांगत नाही.

पुढे बोलपटांचा जमाना आला, संगीत नाटकाला उतरती कळा लागली. बालगंधर्व स्वतः 1935 मध्ये प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात उतरले. थिरकवा 1936 मध्ये रामपूर दरबारात रुजू झाले. रामपूरचे नवाब संगीताचे शौकीन, दरबारात मोठमोठे गवई-वादक. तिथे थिरकवांनी साथ केली, स्वतंत्र वादन केलं. पण स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली. 1949 मध्ये रामपूरही भारतात विलीन झालं. ज्या दरबारांच्या जिवावर कलावंतांच्या पिढ्या जगल्या, तो आधार काही वर्षांत संपला. माणसाच्या आयुष्यातून आधी नाटक कंपनी गेली, मग पन्नाशी उलटल्यावर दरबारही गेला. हातात उरला तो हात.

आणि तो हात कामाला आला. लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात थिरकवा तबला शिकवू लागले. आपले विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी 1926 मध्ये सुरू झालेलं हे महाविद्यालय. खानदानी तालमीत वाढलेला उस्ताद आता वर्गात मुलांना शिकवत होता. शिष्यांमध्ये महाराष्ट्राशी जोडलेली नावं बरीच आहेत. लालजी गोखले, भाई गायतोंडे, तसंच मुंबईत संगीत महाभारती ही संस्था काढणारे निखिल घोष. गुणीदास या नावाने बंदिशी बांधणारे जगन्नाथबुवा पुरोहित यांनीही त्यांच्याकडे तबल्याची तालीम घेतली होती. 1970 मध्ये थिरकवांना पद्मभूषण मिळालं. तेव्हा वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं आणि ते अजून मैफली करत होते. उतारवयात मुंबईच्या एनसीपीएमध्येही त्यांनी शिकवलं. 13 जानेवारी 1976 रोजी लखनौमध्ये त्यांचं निधन झालं.

म्हातारपणी हा माणूस वाजवू शकला, याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. ताकदीने आणलेला वेग ताकद गेली की जातो. विशीत दंड फुगवून वाजवणाऱ्याचा हात साठीत बसतो. ज्याने बोटाची हालचाल लहान ठेवली, जोर न लावता नाद काढायला शिकला, त्याची विद्या वयाबरोबर आटत नाही. तबल्यात हे जितकं खरं तितकंच गिटारमध्ये.

गिटारच्या दुनियेतलंही एक उदाहरण देतो. जँगो राइनहार्ट, जन्म 1910, बेल्जियमचा. भटक्या जिप्सी समाजातला. 1928 मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. त्याने उरलेल्या दोन बोटांवर सगळं वादन नव्याने बसवलं, आणि 1934 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या त्याच्या वाद्यवृंदाने युरोपला वेड लावलं. 1953 मध्ये तो गेला. त्याच्या सोलो ऐकताना आजही चार बोटांचे लोक तोंडात बोट घालतात. दोन बोटांनी चार बोटांचं काम करायचं तर एकही हालचाल वाया घालवून चालत नाही. थिरकवांच्या कायद्यात आणि जँगोच्या दोन बोटांत हे एकच सूत्र आहे.

आता आपल्यासारख्यांनी काय करायचं? चौदा तास आपल्याकडे नाहीत. सबमिशन आहेत, टेस्ट आहेत, मेसची वेळ आहे. मी रोज वीस मिनिटं हा हिशेब ठेवला आणि गेल्या सेमिस्टरभर तो चालवला. पद्धत कायद्याचीच. एका तारेवर चार स्वर घ्यायचे, मेट्रोनोम 60 वर, डाउन-अप-डाउन-अप, दुसरं काही नाही. डाउन आणि अपचा आवाज डोळे मिटून ओळखता येऊ नये, हे पहिलं ध्येय. मग त्याच चार स्वरांचे पलटे. मग दोन तारा. खरी गडबड तार ओलांडतानाच होते. एका तारेवर तीन स्वर वाजवले की तिसरा आघात खाली पडतो आणि पुढच्या तारेवर वरचा आघात हवा असतो. त्यासाठी पिकला ती तार ओलांडून पलीकडे जाऊन परत यावं लागतं. पूर्ण ओळ शंभर वेळा वाजवण्यापेक्षा ओलांडणीचे ते दोनच आघात वेगळे काढून घोटावेत. पिक तारेपासून जेवढं दूर उडेल तेवढा वेळ परत यायला लागतो, म्हणून हालचाल तारेच्या जवळच ठेवायची. सलग तीन वेळा स्वच्छ वाजलं तरच मेट्रोनोम 4 ने वाढवायचा, नाहीतर 4 ने कमी करायचा. मनगट दुखलं तर थांबायचं, कारण दुखणं म्हणजे कुठेतरी फुकटचा जोर लागतोय.

सेमिस्टर संपताना मी 60 वरून 96 वर आलो. ऐकायला हा आकडा काही भारी नाही. यूट्यूबवर बारा वर्षांची पोरं याच्या दुप्पट वाजवतात. पण 96 वर जे वाजतं ते सगळं ऐकू येतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वाजवलं तरी 96 वरच वाजतं. आमच्या विंगमधल्या दोघांनी हे बघून आपापल्या गिटार कपाटावरून खाली काढल्या. एकाच्या गिटारमध्ये झुरळाचं कुटुंब निघालं, त्याची सोय झाल्यावर तोही बसू लागला.

तर मित्रांनो, आणि वाचत असतील तर सर आणि मॅडम, ज्यांच्या घरी माळ्यावर पेटी, तबला किंवा बासरी पडून आहे त्यांनीही, एवढं करून बघा. आज रात्री थिरकवांचं एक स्वतंत्र वादन ऐका. शक्य असेल तर कूलर दहा मिनिटं बंद ठेवून ऐका, नागपुरात मे महिन्यात हा मोठा त्याग आहे याची मला कल्पना आहे. मग मेट्रोनोम 60 वर लावा. शेजारच्या रूममधून तक्रार येईल की काय तेच तेच ठकठक वाजवतोस. त्यालाही आत बोलवा, हेडफोन द्या आणि तेच वादन ऐकवा.